गोंदण (पनवेल परिसर)
सुईने त्वचेत काजळी भरून नक्षी उमटवण्याची लोककला. पनवेल तालुक्यातील कातकरी व ठाकर वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हातांवर ती अजून दिसते. मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण, ही त्यामागची श्रद्धा. ठिपके, तुळस, विंचू अशा मोजक्या रेघांच्या आकृत्यांचा हा संयम फार देखणा आहे. जपानी गोंदणात मात्र उकियो-ए छापचित्रांच्या वळणाची स्त्री पाठभर पसरते. तिला सरसकट गेइशा, म्हणजे नृत्य-गायनाने मनोरंजन करणारी कलावंत, म्हटले जाते. पण ओबीची, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याची, गाठ पुढे असेल तर ती ओइरान, म्हणजे उच्च श्रेणीची गणिका. गेइशाची गाठ पाठीमागे असते. असे गोंदण रेखाटणाऱ्याने हा भेद पाळायलाच हवा. जपानमध्ये १८७२ पासून १९४८ पर्यंत गोंदणावर बंदी होती.