कोकण रेल्वे : डोंगर छेदणारी वाट

मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली ती १८५३ साली. त्यानंतर दहा वर्षांतच बोरघाटाच्या चढणीवरून गाड्या जाऊ लागल्या आणि १८८८ मध्ये मुरगावचे बंदर दूधसागराच्या कड्यावरून कॅसलरॉकशी जोडले गेले. सह्याद्री ओलांडणारे हे मार्ग एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले. सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्राला समांतर जाणारा मार्ग मात्र पुढे शंभरांहून अधिक वर्षे कागदावरच राहिला. याचे कारण केवळ अनास्था नव्हते. घाटमार्गाला एकदाच डोंगर चढावा लागतो. कोकणातून दक्षिणोत्तर जाणाऱ्या मार्गाला सह्याद्रीचा प्रत्येक फाटा भेदावा लागतो, आणि दोन फाट्यांमधली प्रत्येक नदी व खाडी ओलांडावी लागते.

या दीर्घ प्रतीक्षेची झळ कोकणी माणसाला लागली. गिरणीत वा पेढीवर राबणारा चाकरमानी गणपती-शिमग्याला गावी निघे तो बोटीने किंवा वळणावळणांच्या रस्त्याने. पावसाळ्यात बोटी बंद पडत. अ. ब. वालावलकर यांनी या रेल्वेचा ध्यास घेतला. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै आणि त्यांच्यामागून प्रा. मधु दंडवते यांनी संसदेत हा प्रश्न सातत्याने जागता ठेवला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, १९९० साली, त्याला मूर्त रूप आले. त्याच वर्षी जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्रासह महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही राज्ये त्यात भागीदार झाली, उरलेला पैसा रोखे काढून उभारण्यात आला, आणि ई. श्रीधरन यांच्या हाती सूत्रे सोपवण्यात आली.

मार्ग आखतानाच एक निर्णय घेण्यात आला आणि पुढचे सारे कष्ट त्यातूनच उद्भवले. गाड्यांना ताशी १६० किलोमीटर वेगाने धावता यावे, अशी आखणी करावयाची होती. बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. येथे तो १५० फुटांमागे एका फुटाहून अधिक नसावा आणि वळणेही विस्तीर्ण असावीत, असे ठरले. डोंगराला वळसा घालण्याची सोय त्यामुळे उरली नाही. रोह्यापासून मंगळूरनजीकच्या ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरांत ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. बोगद्यांचीच एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. रत्नागिरीजवळील करबुडे येथील साडेसहा किलोमीटरांचा बोगदा २०१३ मध्ये पीर पंजालचा बोगदा खुला होईपर्यंत देशात सर्वांत लांब होता. पानवलच्या दरीवरील पूल ६४ मीटर उंच आहे, तर होन्नावरजवळ शरावतीवरील पूल दोन किलोमीटरांहून लांब आहे.

कठीण कातळ सुरुंगाने फुटला; खरी कसोटी पाहिली ती मऊ मातीने. गोव्यात पेडणे येथे बोगदा जेमतेम दीड किलोमीटरांचा, पण पाणी मुरलेली चिकणमाती खणावी तितकी पुन्हा आत येई. सारा मार्ग सिद्ध होऊनही या एका तुकड्यासाठी गाड्या खोळंबल्या. अशा बोगद्यांत मजुरांचे बळी गेले. प्रवाशाला खिडकीबाहेर क्षणभर जो काळोख दिसतो, त्याचे मोल या मजुरांनी चुकते केले आहे.

गोव्यात दुसराही प्रश्न उभा राहिला. किनारपट्टीच्या दाट वस्तीतून आणि पिढ्यान् पिढ्या बांध घालून राखलेल्या खाजन शेतीतून मार्ग गेल्यास पाण्याचा निचरा तुंबेल, अशी भीती व्यक्त झाली. मार्ग पूर्वेकडून न्यावा, अशी मागणी पुढे आली. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने याविरुद्धची याचिका फेटाळली, तरी आंदोलन शमले नाही. १९९३ मध्ये काम काही काळ थांबवून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. अखेर मार्ग बहुतांशी ठरल्याप्रमाणेच गेला. विरोधकांना प्रगतीचे शत्रू म्हणणे सोपे होते. पण ज्या भूमीवर रूळ पडणार, तिचे पाणी कोठून वाहते हे तेथील शेतकरीच जाणत होता.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबई-मंगळूर अंतर एका रात्रीच्या आवाक्यात आले. तथापि डोंगराने आपला हक्क सोडलेला नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून भीषण अपघात झाला. तेव्हापासून उतारांची डागडुजी अधिक नेटाने होऊ लागली. पावसाळ्यात आजही गाड्या निराळ्या वेळापत्रकाने, मंद गतीने धावतात.

ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यातील भिंत ढासळली आणि मार्ग बंद पडला. त्या दिवसांत गाड्या पुणे-मिरज-लोंडा मार्गे वळवण्यात आल्या, आणि १८८८ च्या त्याच चढणीवरून उतरून मडगावला पोहोचल्या. वेगासाठी आखलेल्या नव्या वाटेला अडचणीच्या वेळी जुन्या, संथ वाटेनेच हात दिला.