ऐंशी गुणांचे अंतर

बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने १९७० मध्ये एलो गुणांकन स्वीकारले. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची ही पद्धत. दोन खेळाडूंत ८० गुणांचे अंतर असेल, तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ६१ गुण मिळवावेत, असे तिचे गणित सांगते. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्यास येथे ज्येष्ठतासूची आठवेल; फरक एवढाच, की येथे खालच्याला वरच्यासमोर बसण्यास मज्जाव नसतो.

एकेकाळी मात्र मज्जावाची भाषा झाली होती, आणि तीही गुणांवरून नव्हे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची पणती रोहिणी ही १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठे वादळ उठले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी भगिनींनी त्या काळात महिलांची राष्ट्रीय विजेतीपदे घरातच ठेवली होती. (गुजरातचा पहिला ग्रँडमास्टरही अहमदाबादचा तेजस बाकरे, हे आपण गुजरातवासी मराठी मंडळींनी विसरू नये.)

जुलै २०२५ मध्ये काळ्या समुद्राकाठी, जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एका बाजूस कोनेरू हम्पी, गुणांकन २५४३. दुसरीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, २४६३. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पंधरावे मानांकन असलेल्या दिव्याने जू जिनेर, हरिका द्रोणवल्ली आणि तान झोंगयी यांना मागे टाकून ही फेरी गाठली होती.

दीर्घ पल्ल्याचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले; पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या धाकाखाली दोघींच्याही हातून संधी निसटल्या. तो डाव निर्दोष होता असे कोणी म्हणू नये. वृत्तपत्रांना त्यात चमत्कार दिसला. मला तसे वाटत नाही. शंभरातले एकोणचाळीस गुण एलोसाहेबांनी खालच्याच्या पदरात आधीच घातले होते. शेवटची चूक हम्पीकडून झाली आणि तिने डाव सोडला. ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही निकष तोवर पूर्ण न केलेली दिव्या विश्वचषकविजेती म्हणून थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली.