राजाबाई टॉवरची मुद्राचित्रे
मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील जुन्या वास्तूंची छापील चित्रे. वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई न पाहताच लंडनहून आराखडे धाडले. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये, तर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा सुमारे ८५ मीटर उंच मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे प्रामुख्याने अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर, काचेच्या निगेटिव्हखाली उन्हात छापत. त्यांची तपकिरी छटा पुढे पिवळी पडते. मनोऱ्यावरील पश्चिम भारतातील लोकांचे पुतळे मात्र दूरच्या दृश्यांत ठिपक्यांएवढेच उरतात.