पुण्यात जन्मलेल्या डासांच्या पेशी

प्राण्याच्या शरीरातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात पिढ्यानपिढ्या विभाजित होत राहिल्या, की त्या वंशाला ‘सेल लाइन’ म्हणतात. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतून सिद्ध झालेली ‘हेला’ ही पहिली टिकाऊ मानवी सेल लाइन होय. डासांच्या पेशींच्या इतिहासात असेच मानाचे स्थान पुण्याचे आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंह यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या निर्जंतुक करून, त्यांचे बारीक तुकडे पोषक द्रवात वाढवले आणि त्यांपासून मिळालेल्या सेल लाइनचा वृत्तान्त १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी यांपैकी अल्बोपिक्टसच्या पेशींतून ‘सी६/३६’ हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेला वंश, वेगळा केला; डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू त्यात जोमाने वाढत असल्याने, रुग्णाच्या रक्तातून ते विलग करण्यासाठी हा क्लोन जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाला. पुण्यातील त्या चिकाटीच्या कामाचे ऋण विषाणूशास्त्राने कृतज्ञतेने मान्य करावे, इतके ते मोलाचे आहे.