पोरक्या टूलची कुळकथा

खडकवासला धरणावर १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे बसले. धरणाची भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठवायचं आणि पूर आला तर माणसाचा हात न लागता पाण्याला वाट मिळायची, यासाठी ते होते. दरवाजांचा एकेक गट साखळ्यांनी एका गोळ्याला जोडलेला असे. तलाव ठरलेल्या पातळीला आला की पाणी विहिरीसारख्या टाकीत उतरे, गोळा उचलला जाई आणि दरवाजे उघडत. पूर ओसरला की टाकी रिकामी होई, दरवाजे पुन्हा मिटत. या रचनेचं पेटंट घेतलेलं होतं. पेटंट म्हणजे मक्ताच, पण मुदतीचा, आणि त्याच्या बदल्यात रचना जगापुढे उघडी करावी लागते. याच धर्तीचे दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळच्या टिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसले. करणारा दुसरीकडे गेला म्हणून वापरणारा अडला नाही, कारण आराखडा समजून घेता येत होता. सॉफ्टवेअर ज्यांनी घडवायचं त्या टूलांच्या नशिबी मात्र नेमकं उलटं आलं. टूल जुनं झाल्यामुळे पोरकं होत नाही. आराखड्याविना विकलं जातं त्याच दिवशी त्याच्या पोरकेपणाची सुरुवात झालेली असते.

हा प्रघात मुळात नव्हता. सुरुवातीच्या काळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तूच नव्हती. मोठा संगणक घेतला की प्रोग्राम त्याच्याबरोबर येत, बऱ्याचदा सोर्स कोडसकट, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मूळ रूपासकट. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली. १९८३ मध्ये तिने त्यापुढचं पाऊल टाकलं: यापुढे नव्या प्रोग्रामचा फक्त ऑब्जेक्ट कोड मिळेल, म्हणजे यंत्राला कळेल पण माणसाला वाचता येणार नाही असं रूप. या दोन तारखांच्या मधे भारताने एक वेगळा धडा पाहिला होता. १९७८ मध्ये आयबीएम देशातून गेली, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. कंपनी गेली तरी यंत्रं चालू राहिली, कारण दुरुस्त करणाऱ्याला झाकण उघडता येत होतं. ऑब्जेक्ट कोडने ते झाकणच सील केलं.

सील केलेल्या झाकणाची किंमत पुण्याने लवकरच अनुभवली. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक ही संगणन संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याचं काळीज म्हणजे ब्रिटिश कंपनी इनमॉसची ट्रान्सप्युटर चिप. या चिपची स्वतःची भाषा होती ऑकम. ‘पार’ असा शब्द लिहून खाली ओळी मांडल्या की त्या सगळ्या एकाच वेळी चालत. समांतर गणन इतक्या थोडक्यात सांगणारी भाषा आजही विरळाच. पण इनमॉस आधी थॉर्न ईएमआयकडे आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली होती. पुढची टी ९००० चिप रखडली, आणि परमच्या नंतरच्या पिढ्यांनी दुसरे प्रोसेसर घेतले. ऑकममध्ये दोष होता म्हणून ती मागे पडली नाही. ज्या चिपवर तिचा संसार होता, तिचाच आधार गेला. याउलट आयबीएमने १९५७ मध्ये आणलेल्या फोरट्रान या भाषेचं १९६६ मध्ये सार्वजनिक प्रमाण ठरलं. तेव्हापासून कोणतीही कंपनी तिचा कंपायलर बनवू शकते, म्हणून ती कुणा एकीबरोबर बुडाली नाही.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या टूलने प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा राग याच कुळातला. ते १९९८ मध्ये आलं आणि २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबी डॉट नेट आणलं. नाव तेच, भाषा वेगळी. पूर्वी ‘इंटिजर’ सोळा बिटांचा होता, तो बत्तीस बिटांचा झाला. वर्षाचे बारा महिने १ ते १२ अशा ॲरेत ठेवण्याची सोय गेली, मोजणी शून्यापासूनच करायची. एकेक बदल किरकोळ वाटतो, पण लाखभर ओळींच्या हिशेबात प्रत्येक ठिकाणी तो शोधायचा म्हणजे प्रोग्राम नव्याने लिहिण्यासारखंच. मार्च २००५ मध्ये व्हीबी ६ चा मुख्य सपोर्ट संपत असताना विरोधाच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांत कंपनीनेच ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’ म्हणून गौरवलेले शंभरहून अधिक जण होते. निष्ठावंतच उठले होते.

यावर कुणी म्हणेल, कंपनीने जुनं टूल जन्मभर का सांभाळावं? सांभाळू नये. व्हीबी ६ मधले प्रोग्राम विंडोजवर चालत राहतील, एवढी काळजी मायक्रोसॉफ्टने घेतली, तेही मान्य केलं पाहिजे. पण चालणं वेगळं आणि दुरुस्त करता येणं वेगळं. जुनं टूल सुरक्षेला धोका असतं हेही खरं, आणि म्हणूनच भोक बुजवण्याचा अधिकार कुणाकडे तरी राहायला हवा. सर्वांत वजनदार आक्षेप असा की खुल्या कोडचे प्रकल्पसुद्धा ढिगाने सोडून दिले जातात. तेही खरं. मात्र ओस पडलेली विहीर गाव उपसू शकतं. कुलूप घातलेल्या विहिरीजवळ तहानलेल्याने नुसतं उभं राहायचं.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात भरती-ओहोटीचे प्रवाह मांडण्यासाठी टेलिमॅक वापरलं गेलं आहे. फ्रान्सच्या वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत फोरट्रानमध्ये घडलेलं हे सॉफ्टवेअर २०१० मध्ये खुलं झालं. उद्या त्या प्रयोगशाळेने ते सोडून दिलं, तरी इथल्या अभियंत्याला त्याचं समीकरण उघडून पाहता येईल. सार्वजनिक पैशाने टूल घेताना हीच अट करारात असावी: विकणाऱ्याने हात काढला, की आराखडा वापरणाऱ्याच्या हाती यायला हवा. एवढी अट घातली, तर टूल जुनं होईल, पण पोरकं होणार नाही.