कुटुंब, कारखाना आणि कौशल्याचा वारसा : ‘कोनिग अँड बाउअर’चा इतिहास

प्रस्तावना

जर्मनीच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना क्रुप, सीमेन्स किंवा बॉश ही नावे सहज पुढे येतात. त्या मानाने ‘कोनिग अँड बाउअर’ हे नाव मुद्रणव्यवसायाबाहेर क्वचितच ऐकू येते. वस्तुतः १८१७ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना मुद्रणयंत्रे बनविणारा जगातील सर्वांत जुना कारखाना मानला जातो, आणि त्याची सूत्रे दीर्घकाळ संस्थापकाच्या कुटुंबाकडे राहिली. या कारखान्याचा इतिहास बहुधा एका संशोधकाच्या प्रतिभेची कथा म्हणून सांगितला जातो. ही कथा खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. यंत्राची कल्पना पेटंटने राखता आली नाही. कारखान्याचे खरे भांडवल होते ते प्रशिक्षित कारागिरांच्या हातातील अचूकता, आणि हे भांडवल कोणत्याही कुटुंबाला तिजोरीत बंद करून ठेवता येत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करावयाचे आहे.

लंडनमधील धडा

फ्रीडरिश कोनिग यांचा जन्म १७७४ मध्ये आइस्लेबेन येथे झाला. लाइपझिगच्या ब्राइटकोफ उंट हेर्टेल या छापखान्यात त्यांनी उमेदवारी केली. गुटेनबर्गनंतर साडेतीनशे वर्षे उलटली तरी छपाईची मूळ रीत फारशी बदललेली नव्हती. खिळ्यांना हाताने शाई लावायची, ताव ठेवायचा, दांडा ओढून दाब द्यायचा. दोन माणसांनी घाम गाळला तरी तासाला सुमारे अडीचशे छाप निघत. हे काम यंत्राकडून करवून घेण्याचा पहिला प्रयत्न कोनिग यांनी १८०३ च्या सुमारास झूल या गावी केला. जर्मन भूमीत पैसा मिळेना, सेंट पीटर्सबर्गमध्येही दाद लागेना; तेव्हा १८०६ मध्ये ते लंडनला पोहोचले.

तेथे त्यांना दोन माणसे भेटली आणि दोघांनीही त्यांच्या आयुष्याला वळण दिले. पहिले मुद्रक थॉमस बेन्सली. त्यांनी पैसा पुरविला. दुसरे श्टुटगार्टचे आंद्रेआस बाउअर, दृष्टियंत्रे व सूक्ष्म उपकरणे घडविणारे कारागीर. कोनिग यांच्या आराखड्याला धातूचे रूप बाउअर यांच्या हातांनी मिळाले. १८१० ते १८१४ या काळात कोनिग यांनी चार इंग्लिश पेटंटे घेतली. त्यांपैकी निर्णायक कल्पना रुळाची होती. सपाट पाटावर जुळविलेले खिळे मागेपुढे सरकतात, रूळ आपोआप शाई लावतात आणि ताव गुंडाळलेला मोठा रूळ त्यांवरून फिरतो. मराठी छापखान्यांतील जुन्या मंडळींच्या तोंडी ‘ट्रेडल’बरोबर ‘सिलिंडर’ हा शब्द असे. त्या सिलिंडर यंत्राचे मूळ येथे आहे.

वर्णन सोपे वाटले तरी अडचण होती ती अचूकतेची. रुळाच्या पृष्ठभागाचा वेग आणि पाटाचा वेग तंतोतंत जुळला नाही, तर अक्षर फिसकटते. दाब एका कडेला किंचित जास्त पडला, तर तिकडचे खिळे झिजतात. पुढे तावाच्या दोन्ही बाजू छापणारे यंत्र आले, तेव्हा पाठपोट मजकूर नेमका एकमेकांवर येणे ही नवी कसोटी निर्माण झाली. अशी कामे आराखडा पाहून होत नाहीत. कानसीवर बसलेल्या हाताने होतात.

२९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’चा अंक वाफेवर चालणाऱ्या या यंत्रावर छापला गेला. वेग होता तासाला सुमारे ११०० ताव. मालक जॉन वॉल्टर (दुसरे) यांनी यंत्रे शेजारच्या इमारतीत गुप्तपणे उभारली होती. हातछपाईच्या कामगारांचा रोष त्यांना ठाऊक होता. दुसरे काम मिळेपर्यंत वेतन चालू ठेवण्याचे आश्वासन त्यांनी कामगारांना दिले. विजयाच्या या सकाळीही भीतीची छाया होती, ही बाब मुद्रणाच्या गौरवशाली इतिहासात अनेकदा निसटते.

यश मिळाले, पण फळ मिळाले नाही. यंत्र इतर मुद्रकांच्या हाती लागू नये यातच बेन्सली यांचा स्वार्थ होता, आणि भागीदारी कटू झाली. दरम्यान काउपर आणि अॅप्लगाथ या इंग्लिश यंत्रज्ञांनी रुळाच्या तत्त्वावर स्वतःची सुधारित यंत्रे उभी केली. पेटंट हाती असूनही बाजार हातातून गेला.

ओबरत्सेलचा मठ

९ ऑगस्ट १८१७ रोजी कोनिग आणि बाउअर यांनी भागीदारीचा करार केला. कारखान्यासाठी त्यांनी व्यूर्त्सबुर्गजवळ माइन नदीकाठचा ओबरत्सेलचा मठ घेतला. बाराव्या शतकातील हा मठ १८०३ मध्ये धर्मसंस्थेकडून राज्याकडे गेला होता आणि बव्हेरियाच्या शासनाने तो सवलतीने दिला. इमारत भव्य होती, पण परिसरात यंत्रविद्या जाणणारे कोणी नव्हते. द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या तरुणांना लोखंड कापणे, घासणे, मोजणे शिकवावे लागले. इंग्लंडमध्ये जे कौशल्य पैसे देऊन मिळत होते, ते येथे मुळापासून पेरावे लागले. माझ्या मते या कारखान्याची खरी स्थापना ही होय. करारपत्र हा तिचा केवळ दस्तऐवज.

१८२३ मध्ये बर्लिनच्या श्पेनर यांच्या वृत्तपत्रासाठी ओबरत्सेलची यंत्रे चालू झाली आणि मागणी वाढू लागली. १८३० च्या जुलै क्रांतीत पॅरिसच्या कामगारांनी छपाईयंत्रे फोडली. मागण्या आटल्या आणि कारखान्याची अवस्था बिकट झाली. अशा स्थितीत जानेवारी १८३३ मध्ये कोनिग यांचे निधन झाले. थोरला मुलगा विल्हेल्म आणि धाकटा फ्रीडरिश, दोघेही दहा वर्षांच्या आतले होते.

येथून पुढे कारखाना ‘कौटुंबिक’ राहिला तो कोनिग यांच्या पत्नी फॅनी यांच्यामुळे. १८६० पर्यंत, म्हणजे बाउअर यांच्या मृत्यूपर्यंत, तंत्राची बाजू बाउअर यांनी सांभाळली. मालकीची सलगता फॅनी यांनी राखली. उद्योगांच्या इतिहासात विधवांचा उल्लेख बहुधा ‘मुले सज्ञान होईपर्यंत’ एवढ्यावर आटोपतो. ओबरत्सेलमध्ये मात्र १८५५ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा निधी उभा राहिला, पुढे बचतपेढी आली आणि १८६८ मध्ये कारखान्याची स्वतःची शाळा सुरू झाली. बिस्मार्कचा आरोग्यविम्याचा कायदा १८८३ चा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टींचे मोल कळते. यामागे केवळ दयाबुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. शिकविलेला कारागीर टिकवून धरणे हा कारखान्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होता.

कारण कारागीर निघून जात होते. ओबरत्सेलमध्ये तयार झालेल्या हेल्बिग आणि म्युलर यांनी व्हिएन्नामध्ये कारखाना काढला. कोनिग यांचे सख्खे भाचे कार्ल राइशेनबाख यांनी कार्ल बूत्स यांच्यासह १८४४ मध्ये आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळा हाती घेतली. तिच्यातूनच पुढे ‘एम.ए.एन.’ हा बलाढ्य उद्योग घडला. याच आउग्सबुर्गमध्ये, बूत्स यांचे पुत्र हाइन्रिश यांच्या पाठबळावर, रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ ते १८९७ या काळात आपले इंजिन सिद्ध केले. तिसरी शाखा आंद्रेआस आल्बर्ट यांची. त्यांनी १८६१ मध्ये आंद्रेआस हाम यांच्यासह फ्रांकेनथाल येथे मुद्रणयंत्रे बनविण्यास आरंभ केला. दोघे वेगळे झाल्यावर हाम यांचा वारसा हायडेलबर्गला गेला, आणि ‘हायडेलबर्ग’ हे नाव तर आपल्याकडील प्रत्येक मुद्रकाला परिचित आहे. जर्मनीच्या तिन्ही मोठ्या मुद्रणयंत्र कारखान्यांची मुळे अशा रीतीने एका मठाच्या आवारात सापडतात. घराण्याच्या दृष्टीने ही गळती होती. देशाच्या उद्योगाच्या दृष्टीने ती पेरणी ठरली.

बोल्झा शाखा आणि नंतर

१९०१ मध्ये कारखाना नदीपलीकडे व्यूर्त्सबुर्गमध्ये गेला आणि मठाची वास्तू पुन्हा एका धार्मिक भगिनीसंघाकडे आली. कुटुंबाची सूत्रे कालांतराने कोनिग यांची कन्या लुइझं यांच्याकडून आलेल्या बोल्झा शाखेकडे गेली. चलन कलनशास्त्रातील कार्यासाठी ओळखले जाणारे, शिकागो विद्यापीठात अध्यापन केलेले गणिती ऑस्कर बोल्झा हे लुइझं यांचेच पुत्र, ही गोष्ट गणिताच्या अध्यापकांना रंजक वाटावी. १६ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात व्यूर्त्सबुर्ग शहर उद्ध्वस्त झाले आणि कारखान्याचीही मोठी हानी झाली. तो हान्स बोल्झा यांच्या काळात पुन्हा उभा राहिला. १९७१ मध्ये सूत्रे त्यांचे दत्तकपुत्र हान्स-बर्नहार्ड बोल्झा-श्युनेमान यांच्याकडे आली. वंशपरंपरेची कल्पना येथे रक्तापेक्षा रुंद झालेली दिसते.

१९८५ मध्ये समभाग शेअर बाजारात आले. फ्रांकेनथालचा आल्बर्ट यांचा कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत व्यूर्त्सबुर्गच्याच छत्राखाली परतला. आउग्सबुर्गच्या शाखेतून आलेली ‘मानरोलांड’ कंपनी नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२० च्या अखेरीस क्लाउस बोल्झा-श्युनेमान अध्यक्षपदावरून पायउतार झाले आणि २०२१ पासून कारभार कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या हाती गेला.