उड्डाणपुलाचा पूर्वपक्ष

सोलापुरात चौकाचा विषय निघाला की दोन वाक्ये ठरलेली असतात. ‘इथे उड्डाणपूल पाहिजे’ हे पहिले आणि ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे दुसरे. चहाच्या टपरीवर आणि सभागृहात ती सारख्याच खात्रीने उच्चारली जातात. बोलणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण या दोन वाक्यांवर विसंबून आपण चौक बांधत राहिलो तर माणसे मरतच राहतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. सोलापूर ही रस्त्यांची गाठ आहे. पुणे–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५, धुळ्याकडून येऊन विजयपूरकडे जाणारा ५२, रत्नागिरीहून मंगळवेढ्यामार्गे येणारा १६६ आणि शिवाय अक्कलकोटचा रस्ता, असे सगळे इथे भेटतात. चार दिशांची वाहने एका पातळीवर आली की टक्कर होणारच. एक प्रवाह वर उचलला की टक्कर टळली, असा हा युक्तिवाद. थेट पुढे निघून जाणाऱ्या वाहनांचा लोंढा मोठा असतो तिथे तो बरोबरच आहे.

पण शहरातल्या चौकात येणारा माणूस थेट कुठे जातो? विजयपूरकडे निघालेल्या जड वाहनाने शहरात शिरूच नये म्हणून केगाव–हत्तूर बाह्यवळण केले. त्यानंतर नाक्यांवर मुख्यतः उरतात ती वळणारी वाहने : बाजार समितीत माल उतरवणारी, एमआयडीसीत शिरणारी, दवाखान्याकडे निघालेली. वळणाऱ्याला पुलाचा उपयोग नाही. तो पुलाखालच्या आधीहून अरुंद झालेल्या रस्त्यात अडकतो. पुलावरून गेलेला पुढच्या चौकात उतरून तिथली रांग वाढवतो. सात रस्ता चौकाच्या तर नावातच हिशेब आहे. एक जोडी वर नेली, तरी पाच रस्ते खाली एकमेकांना छेदतच राहतात. जुना पुणे नाका आणि जुना बोरामणी नाका इथून निघणारे दोन पूल भूसंपादनात वर्षानुवर्षे रखडले. तेवढ्या काळात खालच्या चौकांचे काय केले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातले पूल दीड दशकही टिकले नाहीत. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये ते पाडावे लागले.

आणि वाट मोकळी झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, हे तर मुळीच खरे नाही. पुण्यातल्या नवले पुलाजवळ रस्ता रुंद आहे, उताराचा आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकमुळे ४८ वाहने एकमेकांवर आदळली.

चौकात धोका असतो तो दोन गोष्टींत : आडव्या धडकेत आणि वेगात. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, त्यातल्या १६ ठिकाणी त्या सरळ आडव्या छेदतात. एकेरी मार्गिकेच्या गोल चौकात भिडण्याची ठिकाणे ८ उरतात आणि आडवा छेद एकही उरत नाही. शिवाय वळसा घेताना गाडी हळू करावीच लागते. ताशी ६० वरून ३० वर आलेल्या गाडीची गतिज ऊर्जा एक चतुर्थांश होते. अमेरिकेत सिग्नलचे आणि ‘थांबा’ पाटीचे २४ चौक गोल केल्यावर जखमी करणारे अपघात ७६ टक्क्यांनी घटले, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

यावर उत्तर येते, ‘आपल्याकडे सर्कल होतीच, ती तुंबली म्हणून तर सिग्नल आले.’ ही हरकत मी गंभीरपणे घेतो. इंग्लंडमधली वर्तुळेही अशीच तुंबत होती. आत शिरणाऱ्याने आतल्या वाहनाला वाट द्यायची, हा नियम १९६६ मध्ये तिथे लागू झाला आणि कोंडी सुटू लागली. आपल्याकडे तोच नियम २०१७ च्या वाहनचालन विनियमांत आहे, पण तो रस्त्यावर रंगवलेला दिसत नाही. आपण बांधतो तो पुतळ्याचा किंवा कारंज्याचा चौथरा, आणि त्याला सर्कल म्हणतो. येणाऱ्या वाहनाला वाकवणारा कोन तिथे नसतो. उसाच्या दोन ट्रॉल्यांची मागची चाके चढतील असा सखल फरसबंद पट्टाही नसतो. गोल चौकाला मर्यादा आहेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेने ती सर्व बाजू मिळून तासाला सुमारे ३,००० वाहने धरली होती. त्यापलीकडे सिग्नल लावा, पूलही बांधा. पण आधी मोजा.

आता शिस्त. २०२२ च्या केंद्रीय अहवालात देशातल्या १,६८,४९१ अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. चालकाचा दोष मी नाकारत नाही. पण महामार्गालगतचा शेतकरी उलट्या बाजूने मोटारसायकल का नेतो, ते जाऊन पाहा. त्याचे शेत समोर दिसते, दुभाजकातली पुढची फट लांब असते आणि सर्व्हिस रोड मध्येच संपतो. रोज चार वेळा तो वळसा कोण घालेल? त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे, पण त्याचा उलटा रस्ता नकाशावरच ठरलेला असतो. मोटार वाहन कायद्याने हे मान्य केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९८ अ नुसार, सदोष आखणीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास रस्ता बांधणाऱ्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रस्ता घालण्याची कुवत आपल्यात आहे. सोलापूर–विजयपूर मार्गावर फेब्रुवारी २०२१ मध्ये २५.५४ किलोमीटरची एक मार्गिका १८ तासांत घातली गेली. पण रस्ता ओलांडणाऱ्यांचा विचार होत नाही. त्याच जिल्ह्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत विडी कामगार बायकांची १०,००० घरे आहेत, आणि रेनगर वसाहतीच्या ३०,००० घरांपैकी पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. तिथली बाई कामाला निघते ती पायी किंवा सहा सीटरने. पूल झाला तर ती पुलाखालून, धावत, पदर सावरत रस्ता ओलांडेल.

महामार्ग प्राधिकरण आणि महापालिका यांना माझे मागणे एवढेच आहे : त्या बाईला रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात आणि त्या वेळी समोरची गाडी किती वेगात असते, हे मोजल्याशिवाय सोलापूरच्या एकाही चौकाचा आराखडा मंजूर करू नका.